रिकाम्या हातांची गाणी

आमच्या पिढीच्या नाशिककराची जपानशी पहिली ओळख झाली ती बहिणीच्या वेणीत. रबराच्या टोकांना दोन रंगीत प्लॅस्टिकचे गोळे, आणि त्या वस्तूचं नाव 'लव्ह इन टोकियो'. १९६६ साली त्या नावाचा सिनेमा येऊन गेला. सिनेमा उतरला, रबर राहिलं. माझ्या थोरल्या बहिणीने तो सिनेमा आजतागायत पाहिलेला नाही. पण मेनरोडवरच्या दुकानात "दोन लव्ह इन टोकियो द्या, लाल," असं तिने वडिलांच्या देखत खणखणीत आवाजात सांगितल्याचं मला आठवतं. एरवी 'लव्ह' हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

मग जपान घरभर पसरला. वडिलांनी बोनसमधून नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आणला आणि त्यात घालायला टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटी. साठ मिनिटांची कॅसेट स्वस्त. नव्वदची महाग आणि वर अडकणारी. फीत बाहेर आली की पेन्सिल खुपसून गुंडाळत बसायचं. टीडीके म्हणजे तोक्यो देन्की कागाकू, हे फार उशिरा कळलं. सातपूरला कपॅसिटर बनवणारा एक कारखाना पुढे त्याच टीडीकेकडे गेला, तेव्हा मला उगाच जुना मित्र गावात बदलून आल्यासारखं वाटलं होतं. थोडक्यात, जपानने आम्हाला गाणं ऐकायचं सगळं सामान पुरवलं. गाणं मात्र एकही पाठवलं नाही. 'सायोनारा' आमच्या ओठांवर होतं, पण ते गायलं होतं लताबाईंनी आणि चाल शंकर-जयकिशनची.

खरं जपानी गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते अंबडजवळच्या एका हॉटेलात, पनीर टिक्क्याच्या समोर.

मी तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना आमच्याकडे एक जपानी मशीन आलं आणि ते बसवायला त्याच्या मागोमाग एक जपानी गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, बेताच्या उंचीचे, खिशात कायम घडी घातलेलं पांढरं फडकं. बरोबर पुण्याहून आलेली एक दुभाषी मुलगी. आम्ही त्यांना नुसतं 'सान' म्हणायचो. तो शब्द म्हणजे आपलं 'राव', आणि तो नावाला जोडूनच वापरायचा असतो, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर आम्ही त्यांना रोज सकाळी "काय राव" म्हणत होतो. तसं पाहिलं तर चूक घरचीच होती.

सानांनी आमच्याकडून एकच मराठी वाक्य उचललं, 'होऊन जाईल'. हा बोल्ट किती टॉर्कला आवळला, असं त्यांनी विचारावं आणि आमच्या फिटरने "होऊन जाईल" म्हणावं. दुभाषी मुलीने पहिल्या दिवशी याचं भाषांतर केलं, तेव्हा सानांनी वही काढून विचारलं, "कधी?" त्यानंतर ते वाक्य कानांवर पडलं की ते स्वतः पाना घेऊन उठत.

खंडेनवमीला आम्ही त्यांच्या मशीनला झेंडूचा हार घातला, कंट्रोल पॅनलवर कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला. मला वाटलं होतं, सेन्सरवर कुंकू गेलं म्हणून सान चिडतील. ते मशीनपुढे दोन्ही हात जोडून इतका वेळ वाकून उभे राहिले की आमच्या मॅनेजरना पुन्हा एकदा वाकावं लागलं. त्या रात्री सगळे जेवायला गेलो आणि आपल्या रिवाजाप्रमाणे मॅनेजर म्हणाले, "सान, एखादं गाणं होऊन जाऊ द्या."

'होऊन जाऊ द्या' ऐकून सान आधी दचकले. मग दुभाषी मुलगी काहीतरी कुजबुजली. त्यांनी मांडीवरचा रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, उभे राहिले, हात पँटच्या शिवणीला टेकवले, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे, आणि गायला लागले. आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता. पण दुसऱ्या ओळीला मी खुर्चीत सरळ झालो आणि मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर भूप!"

याला कारण पंचवटीतला पेटीचा क्लास. विष्णू दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात या गावात राहिले, दत्तात्रेयबुवा पलुस्कर इथेच १९२१ साली जन्मले. अशा गावात पोराला पेटीच्या क्लासला न घालणं म्हणजे बापाने कर्तव्यात कसूर केल्यासारखं होतं. मी दोन वर्षं गेलो. मास्तरांना आणि मला एकाच दिवशी परस्परांचा कंटाळा आला. उरला तो फक्त भूप: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आणि सान जे गात होते त्यात हे पाचच स्वर होते, एकही जास्तीचा नाही.

मागाहून कळलं की तिकडे या स्वरमालेला 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे वगळलेले. चौथा आणि सातवा सूर गाळायचा. म्हणजे शब्दशः मध्यम-निषाद वर्ज्य. मेजी काळात, १८८०च्या दशकात, जपानने शाळांत संगीत शिकवायला सुरुवात केली, पाश्चात्त्य स्वरसप्तक आणलं आणि आपल्या कानाला जे दोन सूर रुचेनात ते जवळपास बाजूला सारले. आणखी एक जुनी जपानी स्वरमाला आहे, 'साकुरा' या गाण्याची. तिचे सूर आपल्या गुणकलीशी जुळतात, कोमल रिषभ आणि कोमल धैवत सुद्धा. तेव्हा ही गाणी परकी असून ओळखीची वाटतात, यात गूढ काही नाही. पाच सुरांत माणूस फिरून फिरून फिरणार कुठे? कधीतरी आपल्या दारावरून जाणारच.

सान बसले आणि आमची पाळी आली. आम्ही अकरा इंजिनिअर, दोन फोरमन. प्रत्येकाला शंभर गाण्यांचे मुखडे येत होते आणि एकाही गाण्याचा अंतरा येत नव्हता. अंताक्षरीने आपल्या पिढ्यांचं हे वाटोळं केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. कोणी मोबाइल काढला, तर हॉटेलच्या तळघरात नेटवर्क नाही. शेवटी तेराजणांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ अशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे आरती. नवरात्र होतंच. पनीर टिक्क्यापुढे उभे राहून आम्ही टाळ्यांच्या ठेक्यावर देवीची आरती म्हटली आणि थांबता न आल्यामुळे मंत्रपुष्पांजलीपर्यंत गेलो. सान हात जोडून उभे. वेटरही उभा.

दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीने त्या गाण्याचा अर्थ सांगितला. नाव 'आकातोंबो', म्हणजे लाल चतुर. मिकी रोफू नावाच्या कवीने १९२१ साली लिहिलेली कविता, यामादा कोसाकू यांनी १९२७ साली चाल लावलेली. तेव्हा ते काही आकाशातून पडलेलं लोकगीत नव्हे, त्याला बापाचं नाव आहे; पण आता सबंध देश ते आजीचंच असल्यासारखं गातो. संध्याकाळचा चतुर पाहिला की कवीला आठवतं, लहानपणी आपल्याला पाठीवर बांधून हिंडवणारी एक मुलगी होती, पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. एवढंच. मला एकदम आमच्या अंगणात शेपटीला दोरा बांधून उडवलेले चतुर आठवले आणि अर्धा दिवस वाईट वाटत राहिलं. ते कवीच्या मुलीबद्दल होतं की चतुरांबद्दल, हे ठरवता आलं नाही.

मग कोजागरीला सान आमच्या सोसायटीत आले. दूध प्यायला बोलावलं होतं. भोंडला बघायला मिळाला. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती बायकांचं रिंगण. भोंडल्याची गाणी पुरुषाच्या बुद्धीला कधीच झेपलेली नाहीत: सासरच्यांच्या तक्रारी, वेड्याचा संसार आणि मध्येच भाजी. सान गच्चीच्या कडेला उभे राहून बघत होते. बघता बघता त्यांचे हात हलायला लागले. आधी मला वाटलं, मच्छर. मग दिसलं की हातात जणू फावडं आहे: दोनदा खणायचं, दोनदा खांद्यावरून मागे टाकायचं, मग हात कपाळाशी नेऊन वर बघायचं, मग दोन्ही तळव्यांनी काहीतरी जड पुढे ढकलायचं. दोन मिनिटांत आमच्या साठ-सत्तर वर्षांच्या बायका गाणं आपलंच ठेवून त्याच खाणाखुणा करायला लागल्या. वर चंद्र होता, त्यामुळे कपाळाशी हात नेण्याचं कोणाला नवल वाटलं नाही. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा दुभाषी मुलीने सानांना खेळ समजावून सांगितला. डब्याकडे गंभीरपणे पाहून सान म्हणाले, "होऊन जाईल."

तो नाच 'तांको बुशी'चा होता. क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतलं हे गाणं. खणणं, पाठीवर टाकणं, चंद्राकडे बघणं, गाडी ढकलणं, सगळं त्यात आहे. ऑगस्टमध्ये जपानात ओबोन असतो, म्हणजे पितरांचा सण. आपण पितृपक्षात साधी स्कूटरसुद्धा विकत घेत नाही. ते पितर घरी आले म्हणून मैदानात मचाण उभारतात आणि त्याभोवती गोल धरून नाचतात. कोळशाचं हे गाणं तिथे हटकून असतं. गाण्यात ज्या मिइके खाणीचं नाव येतं ती १९९७ साली बंद पडली. आज नाचणाऱ्यांतल्या किती जणांनी कोळसा हातात घेतला असेल? फावडं मात्र सगळ्यांना मारता येतं.

निवृत्त झाल्यावर माझ्या हाती मोबाइल आणि वेळ दोन्ही एकदम आलं, आणि मी ही गाणी ऐकायचा सपाटा लावला. आमच्या सौभाग्यवतींनी सुरुवातीला कौतुकाने ऐकलं, मग हेडफोन आणून दिले. उत्तरेकडच्या होक्काइदोचं 'सोरान बुशी' ऐकलं. हेरिंग मासळीने भरलेली जाळी उपसताना कोळी म्हणायचे ते गाणं. त्यात दमदार आरोळ्या आहेत, आपल्या 'हैश्या'सारख्या. त्यांतली एक 'दोक्कोइशो'. तिकडे वजन उचलताना तर ती आरोळी देतातच, पण म्हातारा माणूस नुसता खाली बसला तरी दोक्कोइशो म्हणतो. आपण त्या जागी 'आई गं' म्हणतो. मी आठवडाभर सोफ्यावर बसताना दोक्कोइशो म्हणून पाहिलं. गुडघ्याला फरक पडला नाही. त्या किनाऱ्यावरचा हेरिंगचा हंगाम १९५०च्या दशकात बुडाला. मासा यायचाच थांबला. गाणं शाळांच्या मैदानावर आलं आणि आता पोरं त्यावर जाळं ओढत नाचतात.

सगळ्यात जास्त छळलं ते इत्सुकीच्या अंगाईने. कुमामोतोकडचं हे डोंगरातलं गाव. अंगाई आई म्हणते असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. ही आईची अंगाई नाही. गरिबाघरच्या दहा-बारा वर्षांच्या पोरी दुसऱ्याची बाळं सांभाळायला कामाला ठेवायचे, बाळ पाठीवर बांधलेलं असायचं, आणि ओबोन आला की घरी जायला मिळेल या आशेवर त्या दिवस काढायच्या. ही त्या पोरींची गाणी. बाळाला झोप लागावी हा वरवरचा उद्देश. आत सगळा जाच, माहेरची ओढ आणि आपण मेलो तर कोण रडेल याचा हिशेब. मला 'आकातोंबो'तली ती पाठीवर घेणारी मुलगी आठवली. तिकडे बाळाने मोठं होऊन तिच्यावर कविता केली, इकडे पोरींनी स्वतःच गाऊन ठेवलं. दोन्ही गाणी मागेपुढे ऐकली की पहिलं फार गोड वाटेनासं होतं.

आणि मग शंका येते की आपल्याला हे सगळं इतकं गोड का वाटतं? माझं उत्तर फारसं उदात्त नाही. ते काम आपल्याला करावं लागलं नाही, म्हणून. जाळं, कोळसा, पाठीवरचं पोर, पहाटेचं दळण, यांतलं एकही माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला फक्त चाल आली. ज्यांच्या वाट्याला काम आहे त्यांचं आज काय? दिंडोरीकडे द्राक्षबागेत डिपिंगला किंवा लासलगावला कांद्याच्या खळ्यावर जाऊन पाहा. बायकांचे हात यंत्रासारखे चालू असतात आणि मोबाइल फांदीला टांगलेला, नाहीतर क्रेटमध्ये उपडा ठेवलेला. त्यावर गाणं लागलेलं असतं, लग्नाच्या वरातीत वाजतं तेच. मी एकदा तिथे एका बाईंना विचारलं, तुम्ही स्वतः नाही म्हणत? त्या म्हणाल्या, "आम्ही म्हटलं तं ह्याची चार्जिंग फुकट जाईल ना."

गाणं म्हणायची हौस आता रिकाम्या हातांकडे आली आहे. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये आमचा ज्येष्ठांचा कराओके ग्रुप दर शनिवारी जमतो. निवृत्त बँकवाले, निवृत्त प्रेसवाले, दोन डॉक्टर. पडद्यावर शब्द, मागे तयार वाद्यवृंद, आणि रफी-किशोरच्या जिवावर उठलेले आम्ही. इथेही जपान आहेच. 'कारा' म्हणजे रिकामं, 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. कराटेतला 'कारा'ही तोच, म्हणजे रिकामा हात. आमच्या काही सभासदांचं गाणं ऐकताना हे नातं जास्त जवळचं वाटतं. कोबे शहरातल्या इनोऊए दाइसुके नावाच्या वादकाने १९७१ साली नाणं टाकून वाजणारं असं यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्याला शांततेचं इग नोबेल मिळालं, ते माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. निवड समिती आमच्या ग्रुपला न भेटता इतक्या अचूक निष्कर्षाला कशी आली, कोण जाणे.

या सगळ्या उद्योगात माझ्या लक्षात आलं की घरात एक खाण आहे आणि मी क्यूशूत खणत बसलोय.

आई ब्याऐंशीची. माहेर निफाड तालुक्यातलं. तिच्याबरोबर सासरी आलेलं जातं आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा वाड्यात राहिलं, आणि वाडा पडला तेव्हा कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही. परवा गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये तिला नेलं होतं. दारातच जातं मांडून ठेवलेलं, शेजारी पितळी घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या, पोरी उभ्या राहून सेल्फी काढतायत. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खुंटा नाहीये याला. धरायचं कुठं?"

मी तिला म्हटलं, ओव्या म्हण, मी रेकॉर्ड करतो. तिला सोफ्यावर बसवलं, समोर फोन उभा केला. ती बराच वेळ फोनकडे पाहत राहिली. "एक लाख ओव्या गोळा केल्यात लोकांनी," मी आमिष दाखवलं. खोटं नव्हतं, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. 'श्यामची आई' लिहिली ती याच नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. त्या साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या जमवून छापल्या. म्हणजे परंपरा मोठी होती, फक्त आमच्या मातोश्री तोंड उघडत नव्हत्या.

"जातं नाही तं ओवी कुठून येईल रे?" ती म्हणाली. "अशी बसून कोणी ओवी म्हणतं का?"

मग मी तिला 'पारी'वरच्या ओव्या ऐकवल्या. तिने डोळे मिटून दोन ऐकल्या आणि निकाल दिला, "गळा चांगला आहे. पण हिचं जातं जड आहे. जोडीला कोणी नसणार." मी पुन्हा लावून पाहिलं. मला गळाच ऐकू आला. उत्साहाच्या भरात 'आकातोंबो' लावलं. "भजनी मंडळात अशी चाल आहे," म्हणाली. इत्सुकीची अंगाई लावली. ती अर्ध्यावर म्हणाली, "बंद कर. रडकं आहे. बाळ उठेल अशानं."

मे महिन्यात वर्षाचे गहू आले. हल्ली दळण घरघंटीतच होतं; बाल्कनीतलं ते पांढरं कपाट अर्धा तास एकच सूर धरून बसतं, षड्ज म्हणा हवं तर, आणि भूपाकडे कधीच सरकत नाही. गहू मात्र आई स्वतः निवडते. दुपारी ती बाल्कनीच्या उंबऱ्याशी परात घेऊन बसली होती. उजव्या हाताचा तळवा परातीत गोल फिरायचा, गहू पांगायचे, बोटं खडा टिपायची, डावा हात डब्यातून मूठभर नवे गहू परातीत टाकायचा, जात्याला वैरण घालावी तसा. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. आधी घशातल्या घशात काहीतरी आलं. मग शब्द आले. पहिली देवाची, मग आईबापाची, मग भावाची. भावाची तर संपेचनात. माझा मामा वारून वीस वर्षं झाली, तो ओव्यांमध्ये घोड्यावर बसून येत होता. मी चोरासारखा फ्रिजच्या आड उभा राहून फोन पुढे धरला. तळवा फिरायचा तेव्हा ओळ लांबायची, बोटं खड्याशी थांबली की ओळही थांबायची, आणि खडा बाहेर पडला की तिथूनच पुढे निघायची.

मग एका ओवीच्या ऐन मध्यावर ती गप्प झाली. मी वाट पाहिली. परातीचा आवाज नाही, काही नाही. शेवटी न राहवून मी फ्रिजमागून बाहेर आलो.

"पुढे काय, आई?"

ती पदराने हात पुसत होती. "काय पुढे?"

"अर्धीच राहिली ना."

तिने रिकामी परात माझ्याकडे सरकवली. "गहू संपले."